संध्याकाळचं व्होल्टेज

आबा कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी पीत नसत. आधी भिंतीवरचा प्लग शोधत. खांद्याला कायम एक खाकी पिशवी असायची. तिच्यातून व्होल्टमीटर काढायचा, प्लगमध्ये लावायचा, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं, आणि मग घरच्या माणसांकडे वळून म्हणायचं, "हां. आता बोला. कसं काय चाललंय?"

लग्नघर असो की मयताचं घर, यात फरक पडत नसे. वरणगावला एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होतो. अक्षता पडायच्या आधी त्यांनी मांडवाच्या खांबावरच्या बोर्डात मीटर लावला आणि नवऱ्या मुलीच्या बापाला आनंदानं सांगितलं, "दोनशे पंधरा! पोरगी सुखात राहील." त्या बिचाऱ्यानं हात जोडले. त्याला वाटलं, हा आहेराचा आकडा आहे.

आबांचा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याचा शेड होता. तिथे आम्ही सहा माणसं स्टॅबिलायझर बनवायचो. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: तेव्हा खेड्यात टीव्ही नुकता आला होता आणि वीज मात्र अजून पुरती आली नव्हती. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि टीव्हीतला माणूस चारी बाजूंनी आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढा व्हायचा. मोटारी एकदम बंद झाल्या की व्होल्टेज उसळायचं आणि टीव्ही जळायचा. मध्ये आमची हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी असायची. पडलेलं उचलायचं, उसळलेलं दाबायचं, एवढंच तिचं काम. पेटीवर नाव होतं 'अढळ'. हे नाव आबांनीच ठेवलं होतं.

मी साक्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. वडील आठवडी बाजारात दोर आणि दावी विकत. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. धुळ्याच्या कॉलेजातून मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि दोन वर्षं अर्ज करत बसलो. आबांच्या शेडमध्ये मुलाखतीला गेलो तेव्हा गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती. आबांनी ती उघडायलाही सांगितली नाही.

"गाव कोनतं शे तुनं?"

मी सांगितलं.

"संध्याकाळचं व्होल्टेज?"

तीन वर्षं विजेचा अभ्यास केला होता. गावच्या विजेचा प्रश्न कधी पेपरात आला नव्हता. शेवटी म्हणालो, "लाईट जरा मंद असतो, आबा."

"मंद? ताप किती आहे विचारल्यावर 'जरा गरम लागतं' म्हणणारा डॉक्टर तू!" त्यांनी पिशवीतला मीटर माझ्या हातात दिला. "जा. तीन दिवस मोज. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मग ये."

हीच माझी मुलाखत. मी मीटर घेऊन गावात घरोघर फिरू लागलो तशी बातमी पसरली की अमक्याचा मुलगा लाइटीचा साहेब झाला. लोक माझ्यामागून तक्रारी घेऊन हिंडू लागले. एका म्हातारीनं तिच्या दारातला वाकलेला खांब सरळ करायला सांगितला. वडील बाजारातून आले, ही गर्दी पाहिली आणि हळूच म्हणाले, "काय रे भो, सरकारना माणूस व्हई गया का तू?" मी 'नाही' म्हणालो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा दिसली ती घालवायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

चौथ्या दिवशी मी आकडे घेऊन हजर झालो. संध्याकाळी सातला एकशे अठ्ठावीस; असायला हवं होतं दोनशे तीस. आबांनी एक जाडजूड वही काढली, तिच्यात माझ्या गावाच्या नावापुढे आकडे लिहिले आणि म्हणाले, "आता तुझं गाव नकाशावर आलं. उद्यापासून ये."

त्या वहीत खान्देशातल्या कितीतरी गावांचं व्होल्टेज होतं. आमच्या धंद्याचा सगळा जीव त्या वहीत होता, कारण आबा स्टॅबिलायझर तयार ठेवून विकत नसत. शिंपी जसं माप घेतो तसं ते गिऱ्हाइकाचं माप घ्यायचे. गाव कोणतं? तुमच्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, किती मोटारी? टीव्ही किती वाजता बघता? मग वही बघून लताबाईला सांगायचे, इथे इतके वेढे जास्त, तिथे इतके कमी. लताबाई आमची वायंडिंगवाली. तांब्याच्या तारेचे वेढे मोठ्यानं मोजत गुंडाळायची, आणि त्यात कुणी तिला हाक मारली तर त्या माणसाच्या सात पिढ्याही मोजायची. शेवटी आबांची बायको, अक्का, झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवायच्या. चिठ्ठीवर फक्त गावाचं नाव. चोपड्याचा स्टॅबिलायझर साक्रीला चालायचा नाही. एखादी मुलगी लग्नात टीव्ही घेऊन सासरी गेली की तिचा बाप स्टॅबिलायझर परत घेऊन यायचा, आणि आबा तो बदलून देताना ठरलेलं वाक्य म्हणायचे: "माहेरचं व्होल्टेज सासरी चालत नसतं."

असा धंदा मोठा होत नाही. पण सहा घरच्या चुली त्यावर पेटत होत्या आणि माझा धाकटा भाऊ धुळ्याला शिकत होता.

मग मोठी कंपनी आली.

आधी ती टीव्हीवरच आली. माल तपासायला आमच्या शेडमध्ये एक जुना टीव्ही होता. त्याच्यावर एका दुपारी टाय लावलेला गोरापान माणूस आला, एका पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या पेटीवर हात ठेवून हसला आणि म्हणाला, की आता साऱ्या देशासाठी एकच स्टॅबिलायझर. लताबाई वेढे मोजायची थांबली. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"याना हात पाहा," ती म्हणाली. "तारेचा एक ओरखडा नही. हाई माणूस काय बनवस?"

आबा मात्र 'साऱ्या देशासाठी एकच' या शब्दांवर अडकले होते. "एकच?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चोपडा आणि साक्री एकच?"

महिन्याभरात जळगाव-धुळ्याच्या दुकानांत पांढऱ्या पेट्या लागल्या. त्यांच्यावर हिरवा दिवा होता. तो काही करत नव्हता, नुसता लागायचा. दुकानदार सांगू लागले, "आबा, गिऱ्हाईक दिवा मागतंय." आबा त्यांना व्होल्टेज समजावून सांगत. दुकानदार मान डोलावत आणि पांढरी पेटी पुढे ठेवत.

आम्ही सहाही जण घाबरलो होतो. शेडमध्ये सगळ्यांत शिकलेला मी, म्हणून उपाय शोधायची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. बसस्टँडवरच्या स्टॉलवर मला धंद्यात यश मिळवण्याचं एक पुस्तक मिळालं. ते मी रात्री वाचायचो आणि सकाळी आबांना त्यातलं एकेक कलम सांगायचो. आज लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण लपवत नाही. पुस्तकात होतं, कामगारांना गणवेश द्या. आबांनी निळे शर्ट शिवून आणले. लताबाईनं तो नऊवारीवर घातला आणि दिवसभर कुणाकडे पाहिलं नाही. पुस्तकात होतं, रोज सकाळी बैठक घ्या. आम्ही सहा जण गोल करून उभे राहू लागलो. सांगण्यासारखं कुणाकडे काही नसायचं, म्हणून आबा त्या दिवशीचं व्होल्टेज सांगायचे आणि बैठक संपायची.

पुस्तकात होतं, स्पर्धक देतो त्याहून मोठी गॅरंटी द्या. कंपनी एक वर्षाची देत होती. आबा म्हणाले, "आपण आजीवन देऊ."

"कुणाच्या जीवनाची?" मी विचारलं. पुस्तकात असं खुलासेवार नव्हतं.

"म्हणजे काय? माझ्या. पेटीला कुठे जीव असतो?"

आणि तसंच छापून घेतलं: 'मालकाच्या हयातीपर्यंत मोफत दुरुस्ती.' जाहिरातीच्या इतिहासात असं वाक्य दुसरं नसेल. परिणाम वेगळाच झाला. गिऱ्हाइकं आबांच्या तब्येतीची चौकशी करू लागली. दुकानात पेटी घेताना माणसं विचारायची, "मालकाचं वय काय? बिडी-बिडी ओढतात का?" चोपड्याकडचे एक केळीवाले तात्या होते. त्यांनी दोन स्टॅबिलायझर घेतले होते, एक टीव्हीचा आणि एक फ्रिजचा, म्हणून त्यांना काळजीही दुप्पट. जळगावला केळीच्या कामाला आले की शेडमध्ये डोकावायचे. एकदा आबा चहाबरोबर मिरचीची भजी खात होते. तात्यांनी त्यांच्या पुढची बशी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"तुले समजस का, आबा? आमना फ्रिज शे तुना जिवावर!"

आबांनी भजी सोडली. व्यवसायाच्या नियमांना ते फार जपत.

तरीही विक्री उतरत होती. मग मी पुस्तकातलं शेवटचं कलम सांगितलं: स्पर्धकाचा बारकाईने अभ्यास करा. माझ्या डोक्यात होतं की त्यांची एक पेटी विकत आणून उघडावी. आबांच्या डोक्यात वेगळं होतं.

"अभ्यास करायचा तर घरी बोलवावं लागेल," ते म्हणाले. "पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय त्याची भूक कळत नाही."

आणि त्यांनी कंपनीच्या जळगावातल्या साहेबाला भरीत पार्टीला बोलावलं.

हे वाचून कुणाला हसू येईल, पण आमच्याकडे थंडीत नवा माणूस गावात आला आणि त्याला भरीत खाऊ घातलं नाही तर तो आपला अपमान असतो. तो माणूस आपली चूल विझवायला आला आहे, हा प्रश्न जेवणानंतरचा. ओळखीच्या एका मळ्यात कपाशीच्या काड्यांवर मोठी हिरवी वांगी भाजली. अक्का आणि लताबाईनं ती लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचली. कळण्याची भाकरी, कांद्याची पात. साहेब पुण्याकडचा, तिशीतला, सभ्य मुलगा होता. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, चौथ्या घासाला त्यानं टाय सैल केला आणि दहाव्या घासाला तो खरं बोलू लागला.

"आबा, वर मुंबईला कुणाला पटत नाही हो, की इथे व्होल्टेज इतकं पडतं. आमच्या पेट्या खेड्यातून परत येताहेत. मी काय सांगणार? माझ्याकडे आकडे नाहीत."

एवढं ऐकलं आणि आबांचा चेहरा उजळला. पंधरा वर्षं त्यांना कुणीतरी आकडे विचारावेत याची ते वाट पाहत असावेत. त्यांनी खाकी पिशवीत हात घातला आणि वही काढली. ती जुनी वही नव्हती. जुनी फाटत आली म्हणून मी महिनाभर बसून, वळणदार अक्षरात, तालुकावार समास आखून तिची केलेली स्वच्छ प्रत होती. आबांनी तिच्यावर नारळ ठेवला आणि दोन्ही हातांनी साहेबाला दिली.

"घ्या. बठ्ठं खान्देश शे यात."

लताबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मी उठून आबांच्या कानाशी गेलो. "आबा, हे आपलं गुपित आहे."

"गुपित कसलं? व्होल्टेज काय आपण पाडतो?" ते मोठ्यानं म्हणाले. "आकडे खरे असतील तर ज्याला पाहिजे त्यानं न्यावेत."

परतताना टेंपोत लताबाई म्हणाली, "भरीत त्यांनी खाल्लं, आणि ठसका आपल्याले लागना."

चार-सहा महिन्यांनी कंपनीची नवी पेटी आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'खास ग्रामीण भागासाठी'. या वेळी दिवे दोन होते. आम्ही एक आणून उघडली. आबा बराच वेळ आतले वेढे पाहत राहिले, मग वहीत काही आकडेमोड केली आणि इतके हसले, इतके हसले, की अक्का पाणी घेऊन आल्या.

"सरासरी काढली रे त्यांनी! सगळ्या गावांची बेरीज केली आणि सरासरी काढली!" ते डोळे पुसत म्हणाले. "अरे, सरासरी नावाचं गाव कोणत्या तालुक्यात आहे? मी तर कधी गेलो नाही."

हसणं खरं होतं. पण विक्री सरासरीवर चालते, हेही खरं निघालं. अर्ध्या गावांना ती पेटी जेमतेम पुरली आणि तेवढं कंपनीला पुष्कळ होतं. उरलेल्या अर्ध्या गावांतल्या पेट्या मात्र जळू लागल्या. त्यांच्या दुरुस्तीची सोय नाशिकला होती. नाशिकला कोण जाणार? लोक त्या आबांकडे आणू लागले. आबा विचारायचे, "गाव कोणतं?" लताबाई वेढे बदलायची, आणि अक्का झाकणाच्या आत गावाची चिठ्ठी चिकटवायच्या. आमची स्वतःची पेटी महिन्याला दोन-चार जायची. परक्याच्या पेट्यांनी शेड भरला होता.

मग कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. मी त्याचं मराठी करून वाचून दाखवलं. कंपनी आबांना आपलं अधिकृत दुरुस्ती केंद्र करायला तयार होती. दर पेटीमागे मजुरी, सुटे भाग त्यांचे. अट एकच. त्या जागेत दुसऱ्या कोणत्याही नावाचा माल बनवायचा नाही आणि दुसऱ्या कोणत्याही नावाचा बोर्ड लावायचा नाही.

आबांनी सगळ्यांना गोल उभं केलं. त्या गणवेशाच्या बैठकीसारखंच, फक्त आता खरंच बोलण्यासारखं काही होतं.

"नाव गेलं तर माझं एकट्याचं जाईल," ते म्हणाले. "काम गेलं तर सहांचं जाईल. बोला."

लताबाई म्हणाली, "आबा, माझ्या बोटांना पेटीवरचं नाव वाचता येत नाही. वेढे तेच शेत ना?"

"तेच."

"मंग झालं."

आबांनी कंपनीला होकार कळवला, पण स्वतःची एक अट घालून: आपल्या हातून दुरुस्त झालेल्या पेट्यांनाही आमचीच गॅरंटी राहील, मालकाच्या हयातीपर्यंत. यावर वर मुंबईत काय झालं कोण जाणे. कायदा विभागाकडून उत्तर आलं, की सदर गॅरंटी विचाराधीन असून कृपया मालकाच्या वयाचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र पाठवावे. आबा सिव्हिल हॉस्पिटलात गेले, तिथल्या डॉक्टरच्या टेबलाशेजारी आधी मीटर लावला, मग स्वतःला तपासून घेतलं. प्रमाणपत्रावर रक्तदाब लिहिला होता. त्याच्याखाली आबांनी माझ्याकडून एक ओळ वाढवून घेतली: 'हॉस्पिटलातील व्होल्टेज दोनशे पाच.'

करार झाला. बोर्ड उतरवायला ते स्वतः शिडीवर चढले. आम्ही कुणी खालून वर पाहत नव्हतो. उतरल्यावर त्यांनी 'अढळ'चा बोर्ड पाटासारखा आडवा केला, दोन खोक्यांवर ठेवला आणि लताबाईला म्हणाले, "तुझं टेबल हलतं ना कधीचं? हे घे." पुढची सगळी वर्षं ती त्या बोर्डावरच वायंडिंग करत होती.

मी नंतर एम.एस्सी. केलं. फीचे पैसे हातावर ठेवताना आबा म्हणाले, "शिक, पण मोजायचं सोडू नको." मला धुळ्याला ज्युनियर कॉलेजात नोकरी लागली. वडिलांना शेवटी तो सरकारी माणूस मिळाला, म्हणजे जवळजवळ. संस्था अनुदानित होती.

कंपनीचं पुढे काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तिनंही ते कुणाला सांगितलं नाही. टीव्हीतच आत सगळी सोय होऊन येऊ लागली आणि पांढऱ्या पेट्या दुकानांतून नाहीशा झाल्या. सुटे भाग यायचे थांबले. आम्ही तीन पत्रं पाठवली. आबा म्हणाले, "पाहुणे सांगून येतात, सांगून जात नाहीत." आणि ते दुरुस्ती करत राहिले, त्यांच्या पेट्यांची, आमच्या पेट्यांची, ज्यांच्यावर नाव उरलं नव्हतं त्यांचीही. गॅरंटी चालू होती.

आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिल्या गाडीनं जळगावला गेलो. दहाव्यापर्यंत राहिलो. माणसं येत होती. खेड्यांतली, मला अनोळखी, हात जोडून बसणारी. दहाव्याच्या दुपारी चोपड्याचे केळीवाले तात्या आले. आता खूप थकले होते. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी मांडीआड सरकवून ठेवलं होतं. बराच वेळ आबांच्या आठवणी सांगून झाल्या. ते उठले, ते गाठोडं पुन्हा उचललं आणि तसेच दाराकडे निघाले.

"तात्या, काय शे ते?" अक्कांनी विचारलं.

तात्या ओशाळले. "काही नही, अक्का. निघताना सवयीनं उचलीसन आणं. फ्रिजना शे. बंद पडना." मग मान खाली घालून म्हणाले, "पण आते गॅरंटी संपनी ना."

अक्कांनी उठून ते त्यांच्या हातातून घेतलं. टॉवेल सोडला. हिरवी पत्र्याची पेटी. त्यांनी झाकण उघडून आतली चिठ्ठी पाहिली, स्वतःच्याच अक्षरातली, आणि माझ्याकडे वळल्या.

"याना गावनं संध्याकाळनं कितलं शे?"

मी जुनी वही आणली, पान काढलं. "अक्का, हे आकडे फार जुने आहेत. आता तिथे किती मोटारी वाढल्या असतील. यावर भरवसा नाही ठेवता येणार."

खुंटीवर खाकी पिशवी तशीच लटकत होती. अक्कांनी ती काढली आणि माझ्या हातात दिली.

"मंग जाय," त्या म्हणाल्या. "मोजी ये."

मी कॉलेजला आणखी तीन दिवसांच्या रजेची तार केली आणि तात्यांबरोबर चोपड्याच्या गाडीत बसलो.